तळपदे उडाले आणि कट्टा फुटला

किंग्ज_सर्कल, सोमवार रात्री १०:४०

मंडळी,

दादरच्या आपल्या विज्ञानकथा कट्ट्यावर काल काय झालं ते बहुतेकांना कळलंच आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. ठाकुरद्वार यांनी नवी कथा वाचली. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे गिरगाव चौपाटीवर पाऱ्यावर चालणारं विमान उडवतात आणि ते खरंच उडतं, इथून कथा सुरू होते. पुढच्या वर्षी मुंबईत प्लेग येतो (हा खरा इतिहास), डॉ. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करतात (हाही खरा), आणि तळपद्यांची विमानं ती लस घेऊन कोकणात उतरतात. वाचन संपलं, टाळ्या झाल्या, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपल्याकडे सगळं होतंच की!"

त्यावर प्रतिकण उठले. 'छद्मविज्ञान', 'फॉरवर्डचं साहित्य', 'या कट्ट्याला शोभत नाही'. हायपरस्पेसने त्यांना 'विज्ञानाचे सोवळेवाले' म्हटलं. चहा येईस्तोवर दोन तट पडले होते. रात्री दोघांनी ग्रुप सोडला, त्यातल्या एकाने लांबलचक निवेदन देऊन.

कथा विज्ञानकथा आहे की नाही याचा निकाल मला लावायचा नाही. मला एवढंच हवंय की पुढच्या महिन्यात त्याच खोलीत ही सगळी माणसं पुन्हा बसावीत, आणि आपापली मतं घरी ठेवून नव्हे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको: कथा आवडली, त्यातलं विमान नाही आवडलं.

'नियमावली करा' असे तीन-चार मेसेज आलेत. मी गृहनिर्माण सोसायटीत राहतो. नियमावलीने भांडण कमी होतं असा अनुभव अजून यायचाय.

बोला.


कसारा_स्लो, रात्री १०:४८

जागा धरून ठेवतो. उभ्याने वाचणार नाही.


प्रतिकण, रात्री ११:३०

धागा निघणार याची कल्पना होती. काल बोललो त्यातलं काहीही मागे घेत नाही, पण काल मधेच तोडलं गेलं म्हणून पुरं सांगतो.

तळपदे हे खरे गृहस्थ, त्यांना प्रयोगांची हौस होती, इथवर ठीक. पण १८९५ साली चौपाटीवर विमान उडालं याचा त्या काळातला ठोस पुरावा कुणालाही दाखवता आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला देतात तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकात सांगून लिहवून घेतलेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ साली त्यातल्या आकृत्यांचा आणि वर्णनांचा नीट अभ्यास केला. निष्कर्ष असा की ग्रंथ प्राचीन नाही आणि त्यातलं एकही यान उडू शकणार नाही.

मग लोक म्हणतात, "पाऱ्याचं इंजिन तर नासानेही केलं!" केलं की. १९६४ साली पाऱ्याच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित कणांवर, चालणारं इंजिन नासाने अवकाशात नेलं. पण आयन इंजिनाचा रेटा किती असतो ठाऊक आहे? १९९८ च्या डीप स्पेस १ या यानाचं इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं तरी रेटा कागदाच्या एक-दोन पानांच्या वजनाइतका. पोकळीत महिनोन् महिने चालवलं तर वेग साठत जातो. चौपाटीच्या वाळूवरून त्याने भेळेचा कागदही उचलला जायचा नाही.

कथेत काहीही घडवायला माझी हरकत नाही. कालप्रवास चालवून घेतो, प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी यानं चालवून घेतो. चिडलो ते मागून आलेल्या वाक्यामुळे. जानेवारी २०१५ मध्ये याच मुंबईत, कलिन्याला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. तो कथा म्हणून वाचला नव्हता. ज्या गावात हे घडलं तिथे मी 'ही फक्त कल्पना आहे' म्हणून गप्प बसणार नाही. आवड-नावड याबद्दल मतभेद असू द्या. विमान उडालं की नाही हा मताचा प्रश्नच नाही.


हायपरस्पेस, रात्री ११:५२

काका, पण हे सगळं तुम्ही कथा ऐकून झाल्यावर दोन मिनिटांत म्हणालात. कथेबद्दल एक शब्द नाही!


शब्दवेध, मंगळवार सकाळी ७:१०

प्रतिकण यांचा प्रतिसाद रविवारी तोंडी ऐकला त्यापेक्षा लेखी फार चांगला आहे. सविस्तर नंतर, आत्ता ट्रेनमध्ये आहे.


ठाकुरद्वार, मंगळवार दुपारी २:०५

कथा माझी, तेव्हा उशिरा का होईना बोलायला हवं.

तळपद्यांची गोष्ट मी लहानपणी आत्याकडून ऐकली. आमच्याकडे चौपाटीवर फिरायला गेलं की वाळूकडे बोट दाखवून ती सांगितली जायची. मोठी झाल्यावर शोधलं, आणि प्रतिकण यांनी वर लिहिलंय त्याच निष्कर्षाला मीही पोचले. विमान उडालं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि कथा लिहायला बसले ती म्हणूनच. जे झालं नाही ते झालं असतं तर पुढे काय, हा प्रश्न विचारायला या साहित्यप्रकारात बंदी आहे का? जयंत नारळीकरांनी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकवली, मराठे १७६१ ची लढाई जिंकले, आणि त्या वेगळ्या इतिहासातल्या मुंबईत कथानायक गंगाधरपंतांना आणून सोडलं. 'मराठे हरले होते हो!' असं म्हणून त्या कथेवर कुणी उठल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि खरं सांगू का, मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कथेचा शेवटचा तिसरा भाग विमानाबद्दल नाहीच. लस गावात पोचते आणि लोक घेत नाहीत. पळून जातात, पायलटला मारायला धावतात. हे मी हवेतून आणलेलं नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णाला उचलून नेतात, तो परत येत नाही, ही भीती. हाफकिननी जानेवारी १८९७ मध्ये लस आधी स्वतःला टोचून घेतली तरी अविश्वास संपला नाही. माझं म्हणणं असं होतं की आकाशातून येणारं सगळं चांगलं असलं तरी खालच्या माणसाला ते आधी भीतीदायक वाटतं. 'आपल्याकडे सगळं होतं' म्हणणाऱ्यांनी हे ऐकलं नाही आणि 'हे छद्मविज्ञान आहे' म्हणणाऱ्यांनीही नाही. दोघेही पहिल्या पानावरच विमानात चढले ते खाली उतरलेच नाहीत.


कसारा_स्लो, दुपारी २:१९

शेवटच्या वाक्याला +१. आता बसून वाचतोय.


प्रतिकण, संध्याकाळी ६:४५

पानिपताचं उदाहरण चांगलं आहे, पण माझ्याच बाजूचं आहे.

मराठे जिंकले असं आज कुणीही मानत नाही. म्हणून नारळीकर गोळी चुकवतात तेव्हा वाचकाला नेमकी कळ कुठे फिरवली ते दिसतं, आणि सगळी गंमत त्यात आहे. तळपदे उडाले असं मात्र हजारो लोक आज खरंच मानतात. त्यांच्यासाठी तुमच्या कथेत कळ फिरलेलीच नाही, इतिहास जसा 'होता' तसाच पुढे चाललाय. युक्ती तीच, पण आजूबाजूची हवा वेगळी. लेखकाने हवेचा विचार करायचा की नाही?

शेवटच्या भागाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून कथा पुन्हा वाचावीशी वाटते. प्रत पाठवाल का?


ठाकुरद्वार, संध्याकाळी ७:०२

पाठवते. हवेचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ लोक ज्या खोट्या गोष्टीवर विश्वास ठेवतात तिला कथेने हातच लावू नये असा निघतो, आणि मग तर ती गोष्ट कायमची त्यांच्याच ताब्यात राहते. ते मला नको आहे.


चुनाभट्टीकर, रात्री ९:३०

वयाचा फायदा घेऊन जरा लांब लिहितो.

वर नारळीकरांचं नाव आलं म्हणून सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळालं तेव्हा लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी केलेली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंच्या हातची. त्या वेळी नारळीकर जगभर नावाजलेले होते, पण परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये, असं त्यांना वाटलं. आपल्या कट्ट्यावर उलट चालतं. वाचणारा कोण, कुठल्या विचाराचा, मागून टाळी कुणी वाजवली, हे पाहून कथेचा निकाल लागतो. प्रतिकण, रविवारी मागून ते वाक्य आलंच नसतं तर तुम्ही उठला असता का? मला वाटतं, बसून राहिला असता आणि चहाच्या वेळी रेट्याचा हिशेब काढला असता.

आता याच माणसाची दुसरी बाजू. विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला हे नारळीकरांनी मानलं नाही. फ्रेड हॉयल यांच्याबरोबर ते विश्वाला आरंभच नाही असं मानणाऱ्या स्थिर स्थितीच्या सिद्धान्ताच्या बाजूने उभे राहिले. १९६५ साली विश्वात सर्वदूर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं, ते महास्फोटाची खूण मानलं गेलं आणि बहुतेक सगळे शास्त्रज्ञ पलीकडे गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धान्ताचं सुधारलेलं रूप मांडलं. म्हणजे आयुष्यभर अल्पमतात. तरी पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी केली तेव्हा महास्फोट मानून काम करणाऱ्यांना तिथे मज्जाव नव्हता, आणि त्यांचं मत न पटणारेही त्यांचा मान ठेवत होते. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आलेले लेख आठवून पाहा.

आणि तिसरी बाजू. फलज्योतिषाच्या बाबतीत मात्र त्यांनी 'ज्याचं त्याचं मत' असं कधी म्हटलं नाही. दाभोलकर वगैरे मंडळींबरोबर त्यांनी चाचणीच लावली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्ही मिळून दोनशे पत्रिका. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस देऊन ओळखायला सांगितलं. सरासरी यश ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास गेलं असतं. पण चाचणी कशी घ्यायची ते आधी जाहीर केलं, ज्योतिषांना स्वतःहून यायला सांगितलं, मग निकाल छापला. आरडाओरड नाही.

एकाच माणसाने विश्वाच्या बाबतीत अल्पमत जपलं आणि पत्रिकेच्या बाबतीत मताला जागाच दिली नाही, हे मला विसंगत वाटत नाही. दोन्हीकडे 'दाखवा' एवढंच म्हणणं. मग कथेपुढेही 'दाखवा' म्हणायचं का? कथेत काय दाखवायचं असतं, तिथे माझी गाडी अडते. तरुणांनी सांगावं.


नेत्रा_विरार, रात्री १०:१५

मी कट्ट्यावर येते, बसते, ऐकते आणि जाते, त्यामुळे बहुतेकांना मी आठवणारही नाही. पहिल्यांदाच लिहितेय.

विरारहून रविवारी दादरला येणं म्हणजे घरच्यांना आधी समजावणं आलं. यायचं कारण एकच, असली भांडणं दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाहीत. ऑफिसमध्ये कृष्णविवर म्हटलं की लोक शेअर बाजारावर जातात. त्यामुळे 'वाद नकोत, गोडीने राहा' असं ठरवणार असाल तर मी घरीच बरी.

पण रविवारी एक दिसलं. बोलले पाच-सहा जण, आणि तेच दर वेळी बोलतात. माझ्या शेजारच्या मुलीला प्लेगच्या भागाबद्दल काहीतरी विचारायचं होतं. तिची पणजी त्या वेळी मुंबई सोडून गावी गेली होती म्हणे. दोन तट पडल्यावर तिने वही पर्समध्ये ठेवली. ग्रुप सोडलेल्या दोघांची चर्चा चाललीये, ही मुलगी तर कधी ग्रुपवर नव्हतीच.


ठाकुरद्वार, रात्री १०:२२

नेत्रा, तिला माझा निरोप द्याल? पणजीबद्दल ऐकायला मला फार आवडेल.


हायपरस्पेस, रात्री ११:४०

'सोवळेवाले' मी म्हणालो आणि का म्हणालो तेही सांगतो. पहिल्यांदा कट्ट्यावर आलो, ओळख करून देताना आवडता सिनेमा इंटरस्टेलर म्हणालो. लगेच प्रश्न: असिमोव्ह वाचलाय का? क्लार्क? मराठीत काय वाचलंय? कट्टा आहे की एमपीएससीची मुलाखत? त्या सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न होते, ज्यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळालं. पाण्याच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, हे जमवायला कृष्णविवर किती वेगाने फिरायला हवं याचा हिशेब त्यांनी केलाय. मी तो हिशेब समजून घेतला, सिनेमामुळेच घेतला. तरी 'रडका सिनेमा' म्हणून निकाल लागला.

तेव्हा रविवारी ताईंवर सगळे तुटून पडले असं दिसल्यावर मी त्यांच्या बाजूने उठलो. तळपद्यांशी मला काही देणंघेणं नाही. वयाने आणि वाचनाने मोठी माणसं नव्याला असं उभं करतात, त्याचा मला राग आहे.


प्रतिकण, बुधवार सकाळी ६:२०

हायपरस्पेस, असिमोव्हबद्दल मी विचारलं होतं. वाचला नसेल तर पुस्तक द्यावं म्हणून. माटुंग्याच्या फुटपाथवर घेतलेल्या माझ्याकडे दोन-दोन प्रती आहेत. (त्या सिनेमातला पुस्तकांच्या कपाटामागचा शेवट मला आजही पचत नाही, त्याला थॉर्नही जबाबदार नाहीत.)


कसारा_स्लो, सकाळी ८:०५

स्पॉयलर!!! मी अजून पाहिला नाही. दहाच तर वर्षं झालीत.


शब्दवेध, दुपारी १:१५

आपण काही जगावेगळं केलेलं नाही हे सांगायला आलोय. विज्ञानकथेच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन न्यूयॉर्कला जुलै १९३९ मध्ये भरलं आणि पहिल्याच दिवशी संयोजकांनी सहा जणांना दारातून परत पाठवलं. हे फ्युचरियन गटाचे. त्यांचं म्हणणं, विज्ञानकथेने राजकारणावर भूमिका घ्यायला हवी. संयोजकांना भीती की हे पत्रकं वाटून संमेलन उधळतील. त्याच गटातल्या असिमोव्हना मात्र आत सोडलं आणि त्याची टोचणी त्यांना पुढे बरीच वर्षं राहिली. त्या संमेलनाला हजर होते साधारण दोनशे. एवढ्याशा जमावातही सहा जण जड झाले.

दारात अडवलेल्यांपैकी एक फ्रेडरिक पोल. हे पुढे 'गॅलक्सी' मासिकाचे संपादक झाले. १९६८ साली व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेतले विज्ञानकथा लेखक असेच उभे चिरले गेले. दोन्ही गटांनी सह्यांच्या जाहिराती द्यायचं ठरवलं. जूनच्या 'गॅलक्सी'त त्या समोरासमोरच्या पानांवर छापल्या गेल्या. एका पानावर हाइनलाइन, कॅम्पबेल, पोल अँडरसन: अमेरिकेने लढत राहावं. दुसऱ्या पानावर असिमोव्ह, ब्रॅडबरी, ल ग्विन, फिलिप डिक: अमेरिकेने बाहेर पडावं. अंक मिटला की नावं एकमेकांना चिकटतात. यातून कुणाचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. पण त्याच मासिकात दोन्हीकडचे लोक पुढेही लिहीत राहिले.

पोल यांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की ज्याला दारात अडवलं होतं त्याच्या हातात दार आलं तेव्हा त्याने ते दोन्हीकडच्यांना उघडं ठेवलं. नेहमी असं होत नाही. अडवले गेलेले बहुधा जास्त कडक दरवान होतात. आपल्या मराठी साहित्य व्यवहारात उदाहरणं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. (नावं विचारू नका.)


कसारा_स्लो, दुपारी १:३३

मग आपणही समोरासमोर छापा की! एका बाजूला ताईंची कथा, दुसऱ्या बाजूला प्रतिकणकाकांचं 'तळपदे का उडाले नाहीत'. एकाच संध्याकाळी. मधे वडे. (दिवे घ्या.)


किंग्ज_सर्कल, दुपारी २:५०

दिवे घेतले, पण कल्पना उचलली. पुढच्या बैठकीत असंच करू या का? कथा आधी सगळ्यांना पाठवायची म्हणजे वाचून येतील. ताई शेवटचा भाग पुन्हा वाचतील, त्यावर बोलणं होईल, आणि सुरुवात नेत्रा बसतात त्या मागच्या रांगेपासून. मग प्रतिकण पाऊण तास बोलतील. विमानावर, १९७४ च्या अभ्यासावर, आयन इंजिनावर, हवं ते.

एक अडचण आहे. काहींचं म्हणणं, कथेच्या सुरुवातीला 'ही घटना काल्पनिक आहे' अशी ओळ टाकावी.


ठाकुरद्वार, दुपारी ३:१०

ओळ टाकणार नाही. सिगारेटच्या पाकिटावर असते तशी सूचना लावून मला कथा वाचायची नाही. ज्याला खरं मानायचंय तो सूचनेनंतरही मानेल. प्रतिकण यांचं भाषण त्याच दिवशी आहे हे मात्र मला चालेल. आवडेलच.


प्रतिकण, दुपारी ३:४५

माझ्या मते ओळ हवी. नसली तर मी येणार नाही असं मात्र नाही.

आणि मागून ते वाक्य टाकणारे गृहस्थ जर धागा वाचत असतील तर त्यांनीही यावं. चर्चा त्यांच्याशीच व्हायला हवी, आपण आपसात लढतोय.


चुनाभट्टीकर, संध्याकाळी ५:००

ते वाचत नाहीत. फोन केला होता. ग्रुप सोडलेल्यांपैकी ते एक. 'तुम्ही लोक आमची टिंगल करता' म्हणाले. मी म्हटलं, टिंगल झाली हे खरं. पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसा, आणि जे म्हणायचंय ते पुरावा घेऊन म्हणा. 'बघतो' म्हणाले. मुंबईच्या माणसाचं 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.


हायपरस्पेस, संध्याकाळी ५:२०

दुसरे, ते निवेदनवाले, परत ग्रुपवर आले. न बोलता. मीच लिंक पाठवली होती. चुनाभट्टीकरकाका, तुम्ही विचारलं होतं ना की कथेत काय दाखवायचं असतं? मला वाटतं, कथेने पुरावा द्यायचा नसतो, पण स्वतःच्या नियमांशी तरी बेइमानी करायची नसते. ताईंच्या कथेत विमान एका पानावर पाच माणसं नेतं आणि पुढच्या पानावर एकालाच घेऊन धापा टाकतं. प्रत वाचली, म्हणून सांगतोय.


ठाकुरद्वार, संध्याकाळी ५:४१

अरेच्चा. खरंच की. दुरुस्त करते. बघा, पाऱ्यावर एवढं महाभारत झालं आणि हे कुणालाच दिसलं नव्हतं.


प्रतिकण, गुरुवार सकाळी ६:०५

कथा दोनदा वाचली. शेवटचा भाग उत्तम आहे. गावकरी लस नाकारतात तिथे पायलट त्यांना समजावत बसत नाही, घामाने भिजलेला सदरा काढून दंडावरची टोचल्याची खूण दाखवतो. ते आवडलं.

विमानाबद्दल सूचना करतो, हवी तर घ्या. पाऱ्याऐवजी हायड्रोजनचा फुगा करा. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो उचलतो. एक माणूस, टोपली, कापड, दोर, लशीच्या बाटल्या धरून तीनशे किलो पकडा. तीनशे घनमीटर वायू पुरतो, म्हणजे सव्वाआठ मीटर व्यासाचा गोळा. लोखंडाचा चुरा सुमारे सातशे किलो आणि गंधकाम्ल सव्वा टन. १८९५ च्या मुंबईत हे सगळं मिळत होतं, रसायन तर अठराव्या शतकापासून माहीत होतं. तळपद्यांनी हे खरोखर करता आलं असतं! कथेला धक्का लागत नाही आणि मी पण गप्प बसतो.

आणखी एक. तुम्ही विमान चौपाटीवरून सरळ अलिबागला उतरवलंय. जानेवारीत दुपारनंतर मुंबईला वायव्येचा वारा असतो. फुगा आग्नेयेला जाईल. रेवसला उतरेल, वीस किलोमीटरवर.


ठाकुरद्वार, सकाळी ९:३०

हिशेबाबद्दल मनापासून आभार, छापून ठेवलाय. पण हायड्रोजन नको. हायड्रोजन घेतला की ती शक्य असलेली गोष्ट होते, आणि मला अशक्य गोष्टच हवीये. पारा राहणार.

रेवस घेते.


प्रतिकण, सकाळी ९:३४

मग वाऱ्यावर मी पाच मिनिटं बोलेन आणि पाऱ्यावर चाळीस.


किंग्ज_सर्कल, सकाळी ९:५०

पंखा दुरुस्त झालाय. वड्यांची ऑर्डर कसारा_स्लो यांच्याकडे. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यायला हरकत नाही, खुर्च्या वाढवल्यात.